अडखळणाऱ्या जिभेचा दुहेरी मोबदला



या महिन्याचे प्रवचन एका मातेच्या प्रश्नावर आधारलेले आहे. ही भगिनी लालबागला राहते. तिचा मुलगा मराठी शाळेत तिसरीत शिकतो आणि संध्याकाळी मकतबला जातो. तिथे त्याला ऐकवले गेले की, "तुझी जीभ मराठी आहे, तुला 'ज्वाद' जन्मात येणार नाही." मुलगा घरी येऊन रडला आणि दुसऱ्या दिवशी मकतबला जायला तयार होईना. मातेने मला दोन गोष्टी विचारल्या. हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर माझ्या मुलाच्या नमाजचे काय?

पहिला प्रश्न जिभेचा आहे, दुसरा शरीअतचा. दोन्हींची उत्तरे देण्यापूर्वी मला माझ्या थोरल्या चुलत्यांविषयी सांगावे लागेल, कारण तो प्रश्न वाचला तेव्हा डोळ्यांसमोर तेच उभे राहिले.

ते रत्नागिरी जिल्ह्यातून तरुणपणी मुंबईत आले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात त्यांनी सारे आयुष्य काढले. गिरणी बंद पडल्यावर नमाज आणि तिलावत एवढाच त्यांचा दिनक्रम उरला. वस्तीतल्या लहानशा जमातखान्यात इमामसाहेब गावी गेले की लोक चुलत्यांना पुढे करीत. एके दिवशी नुकताच तजवीद शिकून आलेला एक तरुण नमाजनंतर सर्वांसमोर उभा राहिला व म्हणाला, "चाचा, तुमची फातिहा चुकीची आहे, आमच्या सर्वांच्या नमाजा तुम्ही वाया घालवल्या." चुलते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते शेवटच्या सफेत उभे राहू लागले, आणि घरीसुद्धा त्यांचा तिलावतीचा आवाज ऐकू येईनासा झाला. कबुली द्यायची तर विद्यार्थिदशेत मीही त्यांच्या 'अल्लजीन'ला चोरून हसलेलो आहे.

आता पहिला प्रश्न. जीभ जन्मतः मराठी असते काय?

आपल्याच वस्तीकडे पाहा. उत्तरेकडून आलेला आपला भाऊ वीस वर्षे इथे राहूनही 'परेल' म्हणतो, आपले मूल मात्र 'परळ' म्हणते. 'चार' आणि 'चोर' ही दोन्ही अक्षरे आपण एकाच 'च'ने लिहितो, पण एकात जीभ टाळूला लागते आणि दुसऱ्यात दातांच्या मुळाशी. 'जीव' आणि 'जोर' यांचेही तसेच. हा फरक पुस्तकात कुठेही छापलेला नसतो, तरी लालबागचे चार वर्षांचे मूल तो चुकत नाही. त्याला कोणी व्याकरण शिकवलेले नसते. त्याने आईच्या, शेजारणीच्या आणि जिन्यात खेळणाऱ्या पोरांच्या तोंडून तो ऐकलेला असतो. मकतबचा उस्ताद मुलाच्या 'ज्वाद'ला हसतो आणि तेच मूल बाहेर येऊन उस्तादाच्या 'परेल'ला हसते. दोघांची स्थिती एकच आहे, हे मात्र दोघांच्याही लक्षात येत नाही.

1984 साली कॅनडातील संशोधक जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी आपल्याकडचेच ध्वनी घेतले होते, हिंदीतले 'त' आणि 'ट'. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे या दोन ध्वनींतील फरक ओळखत होती. प्रौढ इंग्रजी भाषकांना तो ओळखणे अवघड जात होते. आणि दहा-बारा महिन्यांच्या वयापर्यंत ती क्षमता बाळांमध्येही ओसरलेली दिसली. याचा अर्थ असा की, अल्लाहने प्रत्येक बालकाला जगातील कोणतीही भाषा ग्रहण करू शकणारा कान देऊन पाठवले. भोवतालची भाषा कानात रुजू लागली की, जे ध्वनी तिच्यात नाहीत त्यांच्याकडे कान दुर्लक्ष करायला शिकतो. म्हणजे दोष जिभेत येण्याआधी सवय कानात घडते. तुमच्या जिभांची आणि रंगांची भिन्नता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी आहे, असे सूरह रूममध्ये (30:22) सांगितले आहे. ज्या गोष्टीला कुरआन निशाणी म्हणतो, तिला मकतबमध्ये टोमणा बनवणे किती विपरीत आहे, हे ज्याचे त्यानेच ठरवावे.

बंद झालेले हे दार पुन्हा उघडते काय? उघडते, पण मेहनतीने. जपानी भाषकांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत, ही प्रसिद्ध गोष्ट आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी 1991 मध्ये दाखवले की, अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांत हे ध्वनी पुनःपुन्हा ऐकवले, तर प्रौढ जपानी माणसालाही ते ओळखता येऊ लागतात. पुढे 1997 मध्ये असेही दिसले की, केवळ ऐकण्याच्या सरावाने त्यांचा उच्चारही सुधारला. त्यांना बोलायचे धडे दिलेच नव्हते.

आमच्या उलमांना हे नवीन नव्हते. कुरआनची विद्या तोंडातून कानात आणि कानातून तोंडात अशीच चालत आली आहे. सूरह कियामहमध्ये (75:16-18) प्रेषित (स.) यांना, वह्य उतरत असताना घाईने जीभ हलवू नका, आम्ही वाचून दाखवू तेव्हा त्या वाचनाच्या मागोमाग जा, अशा आशयाचा आदेश आहे. आधी कान, मग जीभ. प्रत्येक रमजानमध्ये ह. जिब्रील (अ.) यांच्यासोबत प्रेषितांची (स.) कुरआनची उजळणी होई आणि अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली, हे सहीह बुखारीत आले आहे.

कोणी म्हणेल, ते सर्व अरब होते, त्यांना काय अवघड! तर मग ह. सालिम (रजि.) यांच्याकडे पाहा. ते अबू हुजैफा (रजि.) यांच्या घरातील मुक्त केलेले गुलाम. चरित्रकार त्यांचे मूळ इराणातील इस्तखरचे सांगतात. ज्या चार जणांकडून कुरआन शिकण्याची आज्ञा प्रेषितांनी (स.) केली, त्यांत सालिम यांचे नाव आहे. हिजरतीच्या आरंभी कुबा येथे मुहाजिरांची इमामत तेच करीत, कारण त्यांना सर्वांत अधिक कुरआन येत होता. पुढे ज्या सात इमामांच्या किरअत प्रसिद्ध झाल्या, त्यांत अबू अम्र आणि इब्ने आमिर हे दोघेच अस्सल अरब वंशाचे मानले जातात, बाकीचे 'मवाली', म्हणजे अरब कबिल्यांशी जोडले गेलेले लोक. (मुंबईच्या मराठीत या शब्दाची काय दशा झाली, ते सांगायला नको.) आज आपल्या घराघरांत ज्या रिवायतीने कुरआन वाचला जातो, ती कूफाचे इमाम आसिम यांची आणि त्यांचे शिष्य हफ्स यांची. आसिमही त्या मवालींपैकीच.

अरबी उच्चारांचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन कोणी लिहिले, हेही पाहण्यासारखे आहे. सीबवैह हे इराणी. बसऱ्यात हदीस शिकताना त्यांच्याकडून वाचनात चूक झाली आणि उस्ताद हम्माद यांनी टोकले. तेव्हा, ज्या विद्येत मला कोणी चूक दाखवू शकणार नाही ती आता शिकेन, असा निश्चय करून ते व्याकरणाकडे वळले, असे सांगतात. इ.स. 796 च्या सुमारास ते वारले, पण त्यांच्या ग्रंथातील मखारिजचे विवेचन आजही आधारभूत आहे. ज्याला भाषा जन्माने मिळते तो तिच्यातील अक्षरे मोजत बसत नाही. परका मोजतो. सीबवैह यांचे गुरू खलील बिन अहमद यांनी आपला कोश 'ऐन'पासून सुरू केला, कारण त्यांनी अक्षरे कंठापासून ओठांपर्यंत लावली होती.

आणि इथे मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला एक सवलत आहे, जी त्याच्या उस्तादालाही ठाऊक नसावी. 'क'पासून 'म'पर्यंतची आपली वर्णमाला कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ याच क्रमाने चालते. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हे शब्द तो शाळेत शिकतोच. त्याला सांगा की, मखारिज म्हणजे हेच. अरबीत कंठाचे आणखी तीन मजले आहेत, एवढेच. हम्जा आणि छोटी 'हे' सर्वांत खालच्या मजल्यावर, 'ऐन' आणि मोठी 'हे' मधल्या, 'गैन' आणि 'खे' वरच्या. चाळीत राहणाऱ्या मुलाला मजले समजावून सांगावे लागत नाहीत.

आता अडचण नेमकी कुठे येते ते पाहू. भाषातज्ज्ञ जेम्स फ्लेगे यांनी 1995 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात एक लक्षणीय गोष्ट आहे. अगदी नवा ध्वनी प्रौढाला कालांतराने साधतो, पण आपल्या भाषेतील ध्वनीसारखा वाटणारा, तरीही वेगळा असलेला ध्वनी साधत नाही. कान म्हणतो, हा तर माझ्या ओळखीचा, आणि जीभ जुन्या जागी जाते. मकतबमधला माझा अनुभव हेच सांगतो. 'ऐन' सुरुवातीला घसा धरतो, पण सहा महिन्यांत येतो, कारण मराठीत त्याच्यासारखे काहीच नाही. 'तोय' मात्र आपल्या 'त'मध्ये विरून जातो. 'स्वाद' आणि 'से' दोन्ही 'स' होतात. 'जाल', 'जे', 'ज्वाद', 'जोय' ही चार अक्षरे एका 'ज'च्या खोलीत कोंबली जातात. त्यातही 'जे' आपल्याला सर्वांत जवळचा आहे. 'बाजार' म्हणताना जिभेचे टोक क्षणभर टेकते, तेवढे टेकू दिले नाही आणि हवा घासत जाऊ दिली की झाले. 'जाल'साठी जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेशी आणावे लागते. 'ज्वाद'साठी जिभेची कड वरच्या दाढांना लागते. तो 'द'ही नव्हे आणि 'ज'ही नव्हे. फातिहाच्या शेवटच्या शब्दात 'द' वाचावा की 'ज', यावरून आपल्या देशात जमातींत भांडणे झाली आहेत, आणि भांडणारे दोन्ही पक्ष पुष्कळदा मूळ अक्षरापासून सारखेच दूर होते.

व्यंजनांवर सारे लक्ष जाते, पण मराठी तोंडाची खरी चूक स्वरांत असते आणि ती कोणी टोकत नाही. आपला 'अ' अर्ध्या मिटल्या तोंडाचा आहे, अरबी जबर उघड्या तोंडाचा, जणू आखूड केलेला 'आ'. बोलण्यात आपण इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. शुद्धलेखनात गुण जातात ते त्यामुळेच, आणि मद्दही तिथेच बिघडतो. शिवाय जेरचा 'ए' आणि पेशचा 'ओ' करण्याची जी मजहूल सवय आहे, ती आपण मराठीतून नव्हे, शिकवणाऱ्यांकडून उचलली. तेव्हा 'मराठी जीभ' हा आरोप निम्मा तरी चुकीच्या पत्त्यावर आलेला आहे. अरबांनाही हे शिकावे लागते, हे विसरू नये. इजिप्तमध्ये कैरोचा माणूस बाजारात 'जीम'चा 'ग' करतो आणि 'काफ' गिळून टाकतो. तिलावतीसाठी त्यालाही उस्तादासमोर बसावेच लागते.

आता दुसरा प्रश्न, नमाजचा. इथे मी तोलून बोलतो, आणि ज्याला आपल्या प्रकरणी फतवा हवा असेल त्याने आपल्या मसलकच्या जाणकार आलिमांना विचारावे.

कुरआन थांबून, स्पष्ट वाचण्याचा आदेश सूरह मुज्जम्मिलमध्ये (73:4) आहे. तेव्हा 'अल्लाह मन पाहतो, उच्चाराचे काय' हे म्हणणे बरोबर नाही. मोठ्या 'काफ'चा 'कल्ब' म्हणजे हृदय आणि छोट्या 'काफ'चा 'कल्ब' म्हणजे कुत्रा, हे मकतबचे प्रत्येक मूल जाणते. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहोत. माहीमचे मखदूम फकीह अली (रह.) यांनी सहाशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर राहून अरबीत कुरआनचे भाष्य लिहिले, तेही शाफईच. आपल्या मसलकात फातिहा नमाजचा रुक्न आहे, तिच्यातील चौदा तश्दीदांसह. शिकण्याची शक्ती आणि संधी असूनही जो अक्षरे बदलत राहतो, त्याची सबब टिकत नाही. पण प्रयत्न करूनही ज्याला येत नाही, त्याची स्वतःची नमाज होते. फक्त ज्यांना फातिहा नीट येते, त्यांची इमामत त्याने करू नये. 'ज्वाद' आणि 'जोय' यांच्यातील घोटाळा, त्यांचे मखरज जवळ असल्यामुळे, माफ आहे, हेच मत इब्ने कसीर (रह.) यांनी आपल्या तफसीरमध्ये योग्य ठरवले आहे, आणि तेही शाफईच होते. हनफी बंधूंसाठी इब्ने आबिदीन (रह.) यांनी तर मार्गच सुचवला: रुकूत ज्याला 'अजीम'चा 'जोय' साधत नाही, त्याने त्या जागी 'करीम' म्हणावे. फकीह कसे विचार करीत ते यावरून दिसते. माणसाला नमाजबाहेर घालवण्याऐवजी ते त्याच्या जिभेला पेलेल असा शब्द शोधीत.

आणि याच्याही वर प्रेषितांचे (स.) वर्तन आहे. ह. आयेशा (रजि.) यांची हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. जो कुरआनात निपुण आहे तो सन्माननीय फरिश्त्यांच्या सोबत असेल, आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दोन मोबदले आहेत. उलमांनी स्पष्ट केले आहे की, एक वाचनाचा आणि दुसरा कष्टाचा. तेव्हा कष्टच न करणाऱ्याने ही हदीस स्वतःसाठी वापरू नये. ह. जाबिर (रजि.) सांगतात की, आम्ही कुरआन वाचत होतो, आमच्यात वाळवंटी अरब होते आणि बिगर-अरबही होते. प्रेषित (स.) आले आणि त्यांनी सर्वांचेच वाचन चांगले ठरवले. पुढे असे लोक येतील जे बाणाची काडी सरळ करावी तसे शब्द सरळ करतील, पण त्याचा मोबदला याच जगात मागतील, असेही ते म्हणाले. ही अबू दाऊदची हदीस मी आधी वाचली असती, तर चुलत्यांना हसलो नसतो. तिर्मिजीत असेही आहे की, माझ्या उम्मतीत वृद्ध स्त्रिया आहेत, वृद्ध पुरुष आहेत, मुले-मुली आहेत, असे सांगून प्रेषितांनी (स.) ह. जिब्रील (अ.) यांच्याजवळ वाचनातील सुलभतेचा विषय काढला.

एक खुलासा इथेच करतो. ह. बिलाल (रजि.) यांना 'शीन' उच्चारता येत नसे, ही कथा आपल्या वाजांमधून फार सांगितली जाते. इब्ने कसीर (रह.) यांच्यासारख्या मुहद्दिसांनी ती निराधार ठरवली आहे. अजानचे शब्द बिलालना शिकवा, त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा सरस आहे, असे खुद्द प्रेषितांनी (स.) सांगितले होते. अडखळणाऱ्यांचे सांत्वन करण्यासाठी बिलाल (रजि.) यांच्या जिभेवर खोटा दोष लादण्याची गरज नाही.

मुलाच्या मातेला आता व्यवहाराचे सांगतो. देवनागरीत छापलेली यासीनची पुस्तिका मुलाच्या हातून काढून घ्या. देवनागरी दोषी आहे म्हणून नव्हे. जी लिपी आपल्याच 'चार' आणि 'चोर'मधला फरक दाखवत नाही, ती चार 'ज' कुठून दाखवणार? मुलाला रोज दहा मिनिटे नुसते ऐकू द्या, वाचायला लावू नका. शेख महमूद खलील अल-हुसरी यांनी 1961 मध्ये संपूर्ण कुरआन हफ्सच्या रिवायतीने ध्वनिमुद्रित केला. तो संथ आहे, अक्षर अक्षर सुटे आहे. पण एकाच कारीवर थांबू नका, दोन-तीन आवाज ऐकवा. तीच आयत वेगवेगळ्या गळ्यांतून आली की, कान गळा सोडून अक्षर पकडतो. मग जोड्या विचारा: मी कोणता 'काफ' म्हटला, मोठा की छोटा? ओळखता येऊ लागले की म्हणवून घ्या. मकतबमध्ये तीस मुले एका सुरात ओरडतात तेव्हा कोणाचीच चूक उस्तादाला ऐकू येत नाही, आणि मुलाला स्वतःची तर मुळीच नाही. रोज एकेकाला दोन मिनिटे समोर बसवणे उस्तादाला शक्य नसेल, तर आठवड्यातून दोनदा तरी त्यांनी बसवावे, अशी विनंती करा. आणि ज्यांनी मुलाला तो टोमणा मारला, त्यांना मुआविया बिन हकम (रजि.) यांची हदीस अदबीने ऐकवा. ते नमाजमध्ये चुकून बोलले होते. नमाजनंतर प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले, आणि ते म्हणतात की, याहून चांगला शिक्षक मी आधी पाहिला नाही आणि नंतरही नाही. ना झिडकारले, ना मारले, ना बोल लावला.

चुलत्यांचे पुढे काय झाले, ते राहिलेच. त्या तरुणाने मसला सांगितला तो पुष्कळसा बरोबर होता, हे मला कबूल आहे. सर्वांसमोर सांगितला, हे चूक होते. पण एक गोष्ट त्यालाही सुचली नाही आणि आम्हा घरच्यांनाही वर्षानुवर्षे सुचली नाही. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान उतरलेले असतात, आणि तशा कानांतून आधी बारीक, सुरसुरणारे ध्वनी जातात. 'सीन', 'से', 'स्वाद' यांतला फरक त्याच ध्वनींत असतो. त्यांची जीभ काय करते आहे, हे त्यांना ऐकूच येत नव्हते. त्यांना कानाचे यंत्र घेऊन दिले, पण शिकवले ते आरशाने. 'जाल' डोळ्यांना दिसतो, जिभेचे टोक दातांपाशी आले की नाही ते आरसा सांगतो. असरनंतर त्यांची नात समोर आरसा धरून बसू लागली. तीन महिन्यांत 'अल्लजीन' दुरुस्त झाले. 'स्वाद' बराच सुधारला. 'ज्वाद' अजून आलेला नाही. ते इमामत करीत नाहीत, पण पहिल्या सफेत परत आले आहेत, आणि फजरनंतर परळच्या त्या खोलीतून पुन्हा आवाज येतो.